आजकाल निळा कुणी बनवतच नाही

माझ्या सासूबाईंना आयुष्यात दोन गोष्टी कधीच पुरल्या नाहीत. एक कापड, आणि दुसरी ते कापड ठेवायला जागा.

त्या गोधड्या शिवतात, असं मी लोकांना सांगते, कारण ते सांगायला सोपं पडतं. खरं म्हणजे त्या गोधड्या अधूनमधून शिवतात आणि कापड अखंड आणतात. त्यांची सगळी नोकरी इस्पितळाच्या शिवणखात्यात गेली. पांढऱ्या चादरी, हिरवे अंगरखे, पुन्हा पांढऱ्या चादरी. निवृत्त झाल्यावर जगात उरलेले सगळे रंग घरी आणायचे असं त्यांनी बहुधा मनाशी ठरवलं असावं. गल्लीत त्यांना कापडाची गासडी म्हणतात. तोंडावर अर्थातच काकू.

आमच्या घरात हॉल, स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. एका खोलीत मी आणि माझा नवरा राहायचो, दुसरीत कापड राहायचं. दुसरी खोली खरं तर सासूबाईंची, पण मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच कापडानं त्यांना तिथून बाहेर काढलं होतं. त्या पॅसेजमध्ये दिवाणावर झोपायच्या. आल्यागेल्याला सांगायच्या, "इथे हवा चांगली लागते." आमच्या पॅसेजला खिडकी नाही.

खोलीचं दार अर्धंच उघडायचं. आत जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर घड्या, घड्यांवर गाठोडी, आणि गाठोड्यांमधून एक बोळ. सासूबाई किडकिडीत, त्या तिरप्या होऊन आत सरकत. मी अंगानं भरलेली, त्यामुळे माझा त्या खोलीशी संबंध उंबऱ्यापर्यंतच होता. आत गेल्या की त्या तासन्‌तास बाहेर येत नसत. हाक मारली तर कुठूनतरी खोलवरून "काय गं" असा आवाज यायचा.

नवीन कापड घरात आणायची त्यांची एक रीत होती. बाहेरून आल्या की चपला काढायच्या आधी पिशवी थेट धुण्याच्या मशीनमध्ये रिकामी. गोधडी शिवणाऱ्या सगळ्याच बायका कापड आधी धुऊन घेतात, रंग सुटतो का, कापड आटतं का ते कळावं म्हणून. आमच्याकडे त्या धुण्याला आणखी एक कारण होतं. एकदा धुतलं की कापड नवीन दिसत नाही. मग दोरीवर वाळत घातलेलं बघून माझ्या नवऱ्यानं "आई, हे कधी आणलंस?" असं विचारलं, की त्या निर्मळ चेहऱ्यानं म्हणायच्या, "हे? हे जुनं आहे." खोटं बोलायला लागू नये म्हणून आधी ते जुनं करून घ्यायचं, एवढी सचोटी त्यांच्याकडे होती. खोलीत मावेना तेव्हा त्यांनी आमच्या गादीखालीही थर लावले होते. मी एक अख्खा हिवाळा त्यावर झोपले आणि नवऱ्यानं नवीन गादी आणली असं समजून त्याच्याशी नीट वागले.

दर बुधवारी त्यांच्या मैत्रिणी आमच्या हॉलमध्ये जमतात. बहुतेक सत्तरी ओलांडलेल्या. एकीला धाकटी म्हणतात, ती सत्तरीला नुसती टेकली आहे. एक निवृत्त नर्सबाई आहेत, त्या अजूनही कुणाचाही हात हातात घेतला की नाडी बघतात. बाकीच्या दोघीतिघींना नावं ठेवायला वेळ लागेल म्हणून सोडून देते. या सगळ्यांची एक पक्की श्रद्धा होती, की शिवायचं एवढं बाकी असताना माणूस मरू शकत नाही. मग त्यांच्यातल्या मुख्याध्यापिकाबाई दोन कपाटं भरून कापड आणि एक अर्धी गोधडी मागे ठेवून खुशाल वारल्या.

त्यांच्या मुलांनी आठवड्याच्या आत ती कपाटं रिकामी केली. काळ्या पिशव्या भरून फुटपाथवर ठेवून दिल्या, कचऱ्याच्या गाडीसाठी. मुलं वाईट नव्हती, त्यांना फक्त कपाटं हवी होती. सासूबाईंना कुणीतरी फोन केला. त्या घरच्या गाऊनवर निघाल्या, भाजीवाल्याची हातगाडी भाजीसकट अडवली आणि सगळ्या पिशव्या घरी घेऊन आल्या. भाजी माझ्या नवऱ्याला विकत घ्यावी लागली. त्या दिवसापासून सासूबाईंना मरणाची नाही, कचऱ्याच्या गाडीची भीती वाटायला लागली. मुख्याध्यापिकाबाईंचं कापडही त्याच खोलीत गेलं आणि दार आणखी थोडं कमी उघडायला लागलं.

एवढं होऊनही मी गप्प होते. माझा सगळा दिवस औषधाच्या दुकानात काउंटरवर जातो, घरी आल्यावर भांडायला अंगात त्राण नसतं. पण निळ्यानं माझी गाडी रुळावरून घसरवली.

त्याचं असं झालं. माझे सासरे कारखान्यात फिटर होते. आयुष्यभर त्यांनी कंपनीचा निळा शर्ट घातला. निवृत्त होताना कंपनीनं त्यांना एक घड्याळ दिलं आणि शर्ट परत मागून घेतले. ते गेल्यावर सासूबाईंनी त्यांच्या नावानं एक गोधडी जोडायला घेतली. त्यांचे पायजमे, लुंग्या, मफलर, जे सापडलं ते तुकडे करून मधला भाग सुंदर जुळवला. सुंदर म्हणजे खरंच सुंदर, मी उगाच कौतुक करणाऱ्यातली नाही. चारी बाजूंना रुंद पट्टा मात्र त्या शर्टाच्या निळ्याचाच हवा. शर्ट घरात एकही नव्हता. निळा होता तो सासूबाईंच्या डोक्यात.

मग निळा शोधणं सुरू झालं. त्या दुकानात जात, ताका उजेडात धरून बघत, कापून घेत, घरी आणत, धुवत, आणि वाळल्यावर दोरीपाशी उभ्या राहून म्हणत, "लबाड आहेत मेले. दुकानात वेगळे दिवे लावतात. हा निळा आहे होय? हा राखाडी आहे." मग ते कापड खोलीत आणि सासूबाई पुढच्या दुकानात. काही वर्षं हेच. शेवटी त्यांनी निकाल दिला, "आजकाल निळा कुणी बनवतच नाही."

"आई," मी म्हणायचे, "हे निळंच आहे."

"हे राखाडी आहे."

"अहो, माझ्या डोळ्यांसमोर आहे. निळं आहे."

"तुला रंगातलं काय कळतं? तू औषधाच्या दुकानात बसतेस. तिथे सगळ्या गोळ्या पांढऱ्या."

बुधवारच्या बायकांना मत विचारलं गेलं. त्यांनी कापड हातात घेतलं, खिडकीशी नेलं, चष्मे वर केले, खाली केले आणि एकमतानं सांगितलं की राखाडी आहे. धाकटी म्हणाली, तिच्या लहानपणी निळा कसा असायचा ते आताच्या पोरींना माहीतच नाही. नर्सबाई म्हणाल्या, हल्ली रंगात भेसळ असते. एवढ्या अनुभवी बायका एकमुखानं सांगताहेत म्हटल्यावर मीच एकदा दुकानातून घरी येताना आकाशाकडे बघून खात्री करून घेतली होती. माझ्या नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आई म्हणते ते." तो लिफ्ट दुरुस्त करतो, वर आणि खाली यांच्यामध्ये लटकून राहायची त्याला सवय आहे.

आम्हाला कुणालाच संशय आला नाही, याचंही कारण आहे. या बायका अशाच असतात. त्यांना लाल दिला तर त्या म्हणतात हा विटकरीकडे झुकतोय. पिवळा दिला तर म्हणतात याच्यात हिरवा लपलाय. कुरकुर हा त्यांच्या कलेचाच भाग आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

अशात माझे बाबा पडले.

बाबा लांबच्या गावी एकटे राहायचे, जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. आई गेल्यापासून मी इकडे या म्हणून त्यांच्या मागे लागले होते आणि ते "बघू" म्हणायचे. बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता एकटं राहणं बंद. मी विचारलं, "किती वेळ पडून होतात?" तर म्हणाले, "होतो थोडा वेळ." बाबांकडून एवढंच निघालं, पुढे मी खोदलं नाही. मी त्यांना आमच्याकडे घेऊन आले आणि हॉलमध्ये खिडकीखाली कॉट टाकली.

खिडकीखाली सासूबाईंचं शिवणाचं मशीन असायचं. ते कोपऱ्यात सरकवलं तेव्हा त्यांनी हाड मोडलेल्या माणसापेक्षाही जास्त दुखरा चेहरा केला.

मला बाबांसाठी खोली हवी होती. दुसरं काही नको होतं. ज्या माणसानं आयुष्यभर कुणाकडे काही मागितलं नाही, त्याला म्हातारपणी लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर कॉट टाकून निजवायचं, वॉकर घेऊन बायकांच्या घोळक्यातून बाथरूमला जायला लावायचं, हे मला सहन होत नव्हतं. बुधवारी तर माझा जीव खालीवर व्हायचा. त्यांच्या कॉटला गराडा घालून त्या सगळ्या बसत, त्यांच्या पायांवर गोधडीचं टोक पसरत आणि जगातल्या सगळ्या सुनांचा समाचार घेत. मी एकदा सरळ विषय काढला.

"आई, बाबांना खोली लागेल. कापड हलवायला हवं."

"कुठे हलवायचं?"

"द्या कुणाला तरी."

सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी नातवंडं वाटून टाका म्हणाले. "ती गोधडी एकदा पुरी होऊ दे," त्या म्हणाल्या, "मग खोली तुझ्या बापाला. शब्द देते."

"आणि गोधडी पुरी कधी होणार?"

"निळा मिळाला की."

मी कपाळाला हात लावला. खोलीच्या उंबऱ्यात उभं राहिलं तर समोर निळ्याशिवाय काही दिसत नव्हतं. गडद, फिका, आकाशी, मोरपंखी, शाईचा. माझ्या बापाची खोली निळ्यानं गच्च भरलेली होती आणि निळा मिळाल्याशिवाय ती रिकामी होणार नव्हती.

बाबा मात्र काहीच तक्रार करत नव्हते. त्यांनी आयुष्यभर बस चालवली. पाठीमागे माणसांचा गोंगाट आणि डोक्यावर "चालकाशी बोलू नये" अशी पाटी, त्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गप्प बसून ऐकायची त्यांना सवय. पहिले काही बुधवार ते भिंतीकडे तोंड करून पडले. मग कधीतरी नर्सबाई सुईशी झटापट करताना बघून त्यांनी हात पुढे केला, सुई घेतली आणि एका दमात दोरा ओवून दिला. पुढच्या बुधवारपासून त्यांच्या उशाशी सुयांची डबी आली. सगळ्यांच्या सुया ते ओवून ठेवत, रांगेनं, उशीच्या कडेला टोचून.

"व्याही, तुमची नजर अजून पोराची आहे," सासूबाई म्हणाल्या.

"ऑपरेशन केलंय, विहीणबाई. दोन्ही डोळ्यांचं."

"आमचे डोळे चांगले आहेत," सासूबाई म्हणाल्या, आणि दोरीवरून काढून आणलेलं नवीन कापड त्यांच्यापुढे धरलं. "आता हे बघा. दुकानदार याला निळा म्हणतो."

बाबांनी बघितलं. "निळाच आहे की."

"बाईमाणसाच्या कामात पुरुषांना कळत नाही," नर्सबाई म्हणाल्या.

मग बाबांनी आयुष्यात केली असेल त्यातली सगळ्यात लांब बडबड केली. म्हणाले, "मलाही असंच झालं होतं. मला वाटायचं सिग्नलचे दिवे बदललेत, मिणमिणते लावलेत. दुकानातली साखर पिवळी वाटायची. दुकानदाराशी भांडलो, जुना माल देतो म्हणून. पोरीनं पाठवलेला निळा स्वेटर मी काळा म्हणून संक्रांतीला घालून गेलो. मग डॉक्टरकडे गेलो तर तो म्हणाला, आजोबा, दिवे ठीक आहेत, तुमच्या डोळ्यातल्या काचा पिवळ्या पडल्यात. मोतीबिंदू. जग चहातून बघताय तुम्ही." मग त्या सगळ्यांकडे एकदा बघून म्हणाले, "तुम्ही सगळ्याच जणी चहातून बघताय."

यावर जो काही गदारोळ झाला तो मी सांगत नाही. धाकटीनं आपण अजून वर्तमानपत्र वाचतो असं सांगितलं. नर्सबाईंनी रागानं बाबांची नाडी बघितली. सासूबाई त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत आणि दोरा जिभेनं ओला करून करून स्वतः ओवायचा प्रयत्न करत बसल्या. मला मात्र पहिल्यांदा खोलीचं दार उघडताना दिसलं. मी दुकानातून रजा घेतली आणि सासूबाईंना पाय दुखतात ते दाखवायला नेते असं सांगून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दिवा लावून आत बघितलं, मागे सरकल्या, पुन्हा बघितलं. "आजी, इतके पिकलेले मोतीबिंदू घेऊन तुम्ही शिवणकाम करता? सुई कशी ओवता?"

"मी नाही ओवत," सासूबाई म्हणाल्या. "व्याही ओवतात."

एका वेळी एकच डोळा करतात. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा मी सोबत होते. त्यांनी आधी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू म्हातारी दिसायला लागलीस गं," त्या म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले आणि घर येईपर्यंत तेच करत राहिल्या.

घरी आल्यावर त्या खोलीत गेल्या. मी उंबऱ्यात थांबले. हॉलमधून बाबा मान उंचावून बघत होते. बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही, म्हणून मी डोकं आत घातलं. सासूबाई बोळात उभ्या होत्या, एका हातानं एक डोळा झाकून. मग तो उघडायच्या आणि दुसरा झाकायच्या. ऑपरेशनच्या डोळ्यानं निळा, जुन्या डोळ्यानं राखाडी. पुन्हा निळा, पुन्हा राखाडी. एक गठ्ठा झाला की पुढचा.

"किती भडक," त्या पुटपुटल्या. "हे सगळं कुणी आणलं?"

मी तोंड आवरलं. आयुष्यात इतकी पाठ थोपटून घ्यावीशी मला कधी वाटली नव्हती. पण त्यांचा चेहरा बघितला आणि माझी हौस गेली.

त्या सगळा दिवस आत होत्या. संध्याकाळी चार तुकडे घेऊन बाहेर आल्या आणि बाबांच्या कॉटवर ते ओळीनं मांडले. चारही निळे, चारही वेगळे. "यातला एक आमच्या यांच्या शर्टाचा आहे," त्या म्हणाल्या.

"कुठला?" माझ्या नवऱ्यानं विचारलं. त्या कामावरच्या शर्टाला लहानपणी तोच तर मिठी मारायचा, पण त्यालाही सांगता येईना.

सासूबाई एकेका तुकड्यावरून हात फिरवत राहिल्या. "मला वाटायचं समोर आला की मी ओळखीन. अंधारात ओळखीन. आता चारही बरोबर वाटतात." मग त्यांनी हात मागे घेतला. "म्हणजे मला आठवतच नव्हता. इतकी वर्षं मी नसलेल्या निळ्यासाठी लोकांशी भांडले."

मला त्यांची इतकी कणव आली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, जे आमच्या घरात सहसा होत नाही. त्यांनी थोडा वेळ बसू दिलं, मग सरक म्हणाल्या, तुकडा तुझ्याखाली आलाय.

गोधडीला चार बाजू असतात. त्यांनी चारही निळे लावले, एका बाजूला एक. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन येईपर्यंत ती पुरीही झाली. आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला. खोलीतलं कापड बाहेर काढायचं ठरलं, अट एकच, कचऱ्याच्या गाडीला काही जाणार नाही. जे शिवतात त्यांच्याच घरी जाईल.

बुधवारी त्यांनी हॉलमध्ये गठ्ठे मांडले आणि मैत्रिणींना म्हणाल्या, हवं ते न्या. मी दारात पिशव्या घेऊन उभी होते. बायकांनी एकेक घडी उचलली, खिडकीशी नेली, चष्मे वर केले, खाली केले.

"एवढा राखाडी घेऊन काय करू?" धाकटी म्हणाली.

"मनावर मळभ येतं गं असल्या रंगांनी," नर्सबाई म्हणाल्या.

एकीनंही एक तुकडा नेला नाही. सासूबाई तोंडाचा आ करून त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर मला त्यांच्या डोळ्यांत दिसली. "अगं आंधळ्यांनो," त्या म्हणाल्या, "निळा आहे हा." आणि नर्सबाईंनी शांतपणे उत्तर दिलं की हल्ली निळा कुणी बनवत नाही, हे तूच आम्हाला शिकवलंस.

तेव्हा मला कळलं की बापासाठी खोली हवी असेल तर मला या सगळ्यांचे मोतीबिंदू काढावे लागतील. मी ते केलं. दुकानातल्या सगळ्या रजा संपवल्या. एकेकीला समजावलं, धाकटीच्या मुलाला फोन करून झापलं, नर्सबाईंना तर खोटंच सांगितलं की डॉक्टरीणबाईंना अनुभवी नर्सचा सल्ला हवाय. डोळ्यांच्या दवाखान्यातला पोऱ्यासुद्धा मला ओळखायला लागला. त्याला वाटायचं मी वृद्धाश्रम चालवते. एकेकीची पट्टी निघायची आणि ती दवाखान्यातून तडक आमच्या घरी यायची. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या किंचाळायची, "अगं बाई, हा कुठला रंग?" आणि हातांत मावेल तेवढं उचलायची. डोळे उघडत गेले तशी खोली रिकामी होत गेली. शेवटी शेवटी त्या भांडायलाच लागल्या. एका आकाशी ताक्यावरून नर्सबाई आणि धाकटी महिनाभर बोलत नव्हत्या. मुख्याध्यापिकाबाईंचं कापड सगळ्यांनी सारखं वाटून घेतलं आणि त्यांची अर्धी गोधडी आळीपाळीनं घरी न्यायची असं ठरलं.

फळ्या निघाल्या तेव्हा त्या खोलीला खिडकी आहे हे मला कळलं. मोठी, पूर्वेकडची. मी खोली धुतली, भिंतींना रंग दिला, नवऱ्यानं बाथरूमपर्यंत भिंतीला धरायला दांडा बसवला. नवीन पडदा, नवीन दिवा, कॉटशेजारी पाण्याचं टेबल. दाराला तेल दिलं, ते आता पूर्ण उघडायचं आणि पूर्ण बंद व्हायचं. बुधवारीच बाबांना तिकडे नेलं, मुद्दामच, गोंधळ सुरू व्हायच्या आधी. ते वॉकर टेकत आत आले, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "छान केलीस गं. उजेड छान आहे." मी त्यांना कॉटवर बसवलं, पायावर पांघरूण घातलं आणि हॉलमधला आवाज येऊ नये म्हणून दार नीट लावून घेतलं. त्या क्षणी मला वाटलं की लेकीनं जे करायला हवं ते मी केलं.

चहा घेऊन गेले तेव्हा ते कॉटच्या कडेला बसले होते. पांघरूण घडी करून बाजूला ठेवलेलं, पायात चपला, वॉकर समोर, तोंड दाराकडे. बस यायची वाट बघत बसावं तसे.

"झोपला नाहीत?"

"नाही."

"काही हवंय का? पडदा ओढू?"

"नको." त्यांनी दाराकडे बोट केलं. "हे दार लावायचंच असतं का?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून लावलं, बाबा. तिकडे सगळ्या बडबड करतात."

"हो. इथे आल्यावर ऐकू येईनासं झालं." मग ते माझ्याकडे न बघता, चहाकडे बघत म्हणाले, "पोरी, त्या दिवशी मी सकाळी पडलो. दुसऱ्या दिवशी दारात पेपर तसाच पडलेला बघून शेजारी आले. मी खूप हाका मारल्या. घर मोठं, दार बंद. कुणाला ऐकू गेलं नाही. एवढंच."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले, आणि मला रडू फुटलं. मी त्यांना किती मेहनतीनं पुन्हा बंद दाराआड नेऊन ठेवलं होतं.

दारात सासूबाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "रडणं नंतर," त्या म्हणाल्या. "आधी कॉट धर. आणि माझा दिवाण आण इकडे, पॅसेजमध्ये झोपून झोपून माझी पाठ गेली."

कॉट पुन्हा हॉलमध्ये खिडकीखाली आली. बायकांनी उठून जागा केली आणि लगेच पुन्हा गराडा घातला. बाबांनी अंग टाकलं आणि तोंड उघडं टाकून इतक्या लवकर झोपले की चहा तसाच राहिला. नर्सबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, जरा हळू बोला गं, त्यांना झोप लागलीय.

"अजिबात हळू नको," सासूबाई म्हणाल्या. "ते ऐकत ऐकत झोपतात."